मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा लिहावा : बीडच्या निमित्ताने

मराठवाड्यातल्या आठ लोकसभा मतदारसंघांपैकी कोणत्याही एकाचा इतिहास लिहायला घेतला की हात आपोआप विजयी उमेदवारांच्या यादीकडे जातो. यादी लागतेच, पण तिच्याआधी नकाशा हाती घ्यावा, कारण मतदारसंघाचे नाव वर्षानुवर्षे तेच राहते आणि त्या नावाखालची गावे मात्र बदलत जातात.

१९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, १९५७ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात होता आणि महाराष्ट्राचा भाग म्हणून त्याने लोकसभेसाठी पहिल्यांदा मतदान केले ते १९६२ मध्ये. त्यामुळे निवडणूक आयोगाच्या अहवालांत पहिल्या दोन निवडणुकांचे आकडे अनुक्रमे हैदराबाद आणि मुंबई या राज्यांच्या पानांवर शोधावे लागतात, आणि तिथे बीड ‘भीर’ या जुन्या नावाने आले असेल हेही ध्यानात ठेवावे लागते. त्या काळातल्या एखाद्या मतदारसंघापुढे दोन विजयी नावे दिसली तर ती छपाईची चूक समजू नये. १९६१ च्या कायद्याने ती पद्धत बंद होईपर्यंत काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात.

पुढचा मोठा बदल २००८ च्या पुनर्रचनेचा, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याचा. लातूर लोकसभा मतदारसंघात आज नांदेड जिल्ह्यातला लोहा आहे, तर लातूर जिल्ह्यातला औसा उस्मानाबाद मतदारसंघात आहे, आणि त्याच उस्मानाबादेत सोलापूर जिल्ह्यातली बार्शीही आहे. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी २०२४ ची लोकसभा निवडणूक मतदारसंघाच्या जुन्याच नावाने झाली. बीड जिल्ह्यात चौसाळा हा विधानसभा मतदारसंघ या पुनर्रचनेत संपला आणि परळी हा नवा मतदारसंघ आला. म्हणून २००४ आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकांतली विधानसभानिहाय मताधिक्ये शेजारी शेजारी मांडून ‘अमुक भागाने साथ सोडली’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

आता यादी. तीत व्यक्ती आणि पक्ष यांचे रकाने वेगळे ठेवावेत. बीडमधून जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ मध्ये भाजपचे म्हणून निवडून आले आणि २००४ मध्ये राष्ट्रवादीचे म्हणून. रजनी पाटील १९९६ मध्ये इथूनच भाजपच्या खासदार झाल्या आणि पुढे काँग्रेसच्या राज्यसभा सदस्य झाल्या. निवडणूक चिन्हाचाही रकाना असावा. काँग्रेसची बैलजोडी, मग गायवासरू आणि मग पंजा हा क्रम त्या पक्षातल्या फुटींचाच क्रम आहे, आणि जुने मतदार बहुतेक वेळा वर्ष सांगत नाहीत, चिन्ह सांगतात.

बीडच्या यादीत मला सर्वांत मोलाची वाटतात ती तीन वर्षे. १९५२ मध्ये रामचंद्र परांजपे पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटतर्फे निवडून आले. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्याने त्याचे कार्यकर्ते त्या वेळी याच नावाने लढत होते. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे जिंकले आणि १९७७ मध्ये गंगाधरअप्पा बुरांडे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे. आज बीडचे राजकारण केवळ घराणी आणि जाती यांच्या हिशेबात सांगितले जाते. तो हिशेब खोटा नाही, पण त्याच चष्म्यातून मागे पाहिले तर ही तीन वर्षे अपवाद म्हणून बाजूला पडतात. लिहिणाऱ्याने नेमके इथेच थांबून, परजिल्ह्यातल्या नाना पाटलांना बीडच्या शेतकऱ्यांनी का निवडले याचा शोध घ्यावा, त्या वर्षीची वृत्तपत्रे जिल्हा ग्रंथालयात बसून चाळावीत आणि मगच पुढच्या वर्षाकडे जावे.

मताधिक्य लिहिताना समोर कोण होते हेही लिहावे. मे २०१४ मध्ये गोपीनाथ मुंडे सुमारे १ लाख ३६ हजार मतांनी जिंकले. ३ जूनला त्यांचे निधन झाले आणि ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. मात्र या वेळी राष्ट्रवादीने उमेदवारच दिला नव्हता, म्हणून हे दोन आकडे एकाच मापाने मोजता येत नाहीत. २०२४ मध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. लांब काळाची तुलना करायची असेल तर मतांच्या संख्येऐवजी टक्केवारी घ्यावी, कारण मतदार वाढत गेले आहेत आणि मतदानाचे वय २१ वरून १८ झाल्यानंतरची पहिली लोकसभा निवडणूक १९८९ ची आहे.

अलीकडच्या निवडणुकांसाठी खरा खजिना म्हणजे नमुना २०. हा बूथनिहाय निकालाचा तक्ता असतो. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी तो वेगळा असतो. एका ओळीत एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मते, मग एकूण वैध मते, नोटा आणि शेवटी प्रदत्त मते, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असे आढळलेल्या मतदाराची मते. लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा मतदारसंघांच्या बेरजा जुळवूनही जाहीर निकालाशी फरक राहिला तर घाबरू नये. बहुधा टपाली मते मिळवायची राहिलेली असतात. माझ्या वहीत पहिल्यांदा असाच फरक आला तेव्हा मी दोन दिवस केंद्रामागून केंद्र तपासत बसलो होतो.

गावाचे ‘लीड’ सांगणारी माणसे प्रत्येक पारावर भेटतात. त्यांचे ऐकावे, तारखेसह लिहून घ्यावे आणि नमुना २० शी ताडून पाहावे. फक्त ताडताना केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नये. निवडणुकीगणिक केंद्रे वाढतात, क्रमांक सरकतात आणि गेल्या वेळचे ११२ या वेळी शेजारच्या गावात निघू शकते. म्हणून गावाचे आणि शाळेचे नाव आधी लिहावे, आणि त्यापुढे त्या त्या वर्षाचा केंद्र क्रमांक.