मोबाइलवर व्हिडिओ मधूनच सुरू करायचा असेल तर

लिंकमध्ये ९० सेकंद दिलेत. लॅपटॉपवर व्हिडिओ बरोबर तिथून सुरू होतो, आयफोनवर मात्र पहिल्यापासून. फ्रंटएंडच्या कामात ही तक्रार लवकरच वाट्याला येते आणि नवखे लोक सेटटाइमआउट लावून सेकंदभर थांबतात. ऑफिसच्या वायफायवर ते चालतं. लोकलमध्ये रेंज गेली की पुन्हा शून्य. हा उपाय नकोच.

खरी गोम अशी: करंटटाइम (व्हिडिओ कुठल्या सेकंदावर आहे ते) लावताना रेडीस्टेट (किती डेटा हाती आलाय ते सांगणारा आकडा) ० असेल, तर प्लेयरला फाइलची लांबीच ठाऊक नसते. नियमाप्रमाणे ब्राउझरने ती वेळ लक्षात ठेवायला हवी, पण मोबाइलवर त्या भरवशावर राहू नका. रेडीस्टेट १ किंवा जास्त असेल तर लगेच सीक करा, म्हणजे हव्या त्या सेकंदावर उडी मारा; नसेल तर लोडेडमेटाडेटा इव्हेंटची, म्हणजे लांबीसारखी माहिती आल्याच्या सूचनेची, वाट पाहा. आधी रेडीस्टेटच तपासायचं, कारण लिसनर लावेपर्यंत इव्हेंट होऊन गेलेला असू शकतो. आयफोनवर तर प्रीलोड (डेटा आधीच आणायची सूचना) लिहिलं तरी प्ले दाबेपर्यंत डेटा येईलच असं नाही. उडी पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सीक्ड इव्हेंटनंतर करंटटाइम वाचा. अजून शून्याजवळच असेल तर कॅनप्ले इव्हेंटवर (व्हिडिओ चालण्याजोगा झाला की येतो तो) आणखी एकदा प्रयत्न करा. एकदाच, नाहीतर प्रेक्षकाने स्वतः मागे नेलेला व्हिडिओ तुम्ही पुन्हा पुढे ढकलाल.

एवढं करूनही हलत नसेल तर सर्व्हरकडे वळा. सफारी सुरुवातीला फक्त पहिले दोन बाइट मागून पाहते. उत्तरात २०६ (फाइलचा तुकडाच पाठवलाय असा कोड) आणि कंटेंट-रेंज हेडर (कुठला तुकडा ते सांगणारा) हवा. कर्ल या कमांड-लाइन साधनाने तेच दोन बाइट मागून बघा. २०० आणि अख्खी फाइल आली तर तुमचा जावास्क्रिप्ट निर्दोष आहे. सर्व्हर ठीक असूनही सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये विनंत्या मधेच अडवणारी स्क्रिप्ट) कॅशमधून २०० देत असू शकतो, हे हमखास नजरेतून सुटतं.

एमपी४ मधला मूव्ह (moov) हा माहितीचा भाग फाइलच्या शेवटी असेल तर मेटाडेटाच उशिरा मिळतो. एफएफएमपेग या व्हिडिओ साधनाचा फास्टस्टार्ट पर्याय तो पुढे आणतो; कोडेक कॉपी ठेवला, म्हणजे पुन्हा एन्कोड केलं नाही, की दर्जा तसाच राहतो.

सीक होतो पण चित्र अडकतं? कीफ्रेममधलं (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेममधलं) अंतर बघा. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये ते मुळात २५० फ्रेमपर्यंत जातं, म्हणजे ३० एफपीएसला आठ सेकंदांहून जास्त. तिथपासून सगळं डीकोड करताना स्वस्त फोन दमतो. ६० ठेवा, त्यासाठी मात्र फाइल पुन्हा एन्कोड करावी लागते.

एचएलएस (तुकड्यातुकड्यांनी व्हिडिओ पाठवायची पद्धत) असेल तर एचएलएस.जेएस या लायब्ररीमधलं स्टार्टपोझिशन अँड्रॉइडवर लागू पडतं. आयफोनवर सफारीचा स्वतःचा प्लेयर वापरला असेल तर ते सेटिंग कुणी वाचतच नाही. तिथे वरचीच लोडेडमेटाडेटाची वाट.

आणि क्रोमच्या मोबाइल व्ह्यूमध्ये तपासून 'माझ्याकडे चालतंय' म्हणू नका. तिथे स्क्रीनचा आकार बदलतो, इंजिन क्रोमचंच राहतं. खरा आयफोन केबलने मॅकला जोडा आणि सफारीच्या डेव्हलप मेनूतून वेब इन्स्पेक्टर उघडा.