पावसाळ्याआधी बॅकअपची फेरी लावताना

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तसे ते आमच्या तळमजल्यावरही आले आणि टेबलाखालचा संगणक त्यात गेला. बॅकअपच्या दोन्ही डिस्क मात्र कोरड्या राहिल्या होत्या, कारण एक माळ्यावर डब्यात होती आणि दुसरी डोंबिवलीला धाकट्या दिरांकडे होती. तरीही त्यांतली एकही फाइल मला परत मिळाली नाही. दोन्ही डिस्कना मी बिटलॉकरचे, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क न उघडू देणाऱ्या विंडोजमधल्या सोयीचे, कुलूप लावले होते आणि घरच्या संगणकावर त्या आपोआप उघडाव्यात अशी सोयही चालू ठेवली होती, त्यामुळे तीन वर्षांत पासवर्ड टाकण्याची वेळच आली नव्हती आणि तो मी विसरले होते. पासवर्ड विसरल्यावर कुलूप उघडणारी ४८ अंकी किल्ली (रिकव्हरी की) ज्या फाइलमध्ये होती, ती फाइल त्याच संगणकात होती आणि तिच्या प्रती त्याच कुलूपबंद डिस्कांच्या आत होत्या. आजेसासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांचे दोन तासांचे ध्वनिमुद्रण त्यांत आहे, आणि ते मला आजही ऐकता येत नाही. म्हणून ही तयारी किल्लीपासून सुरू करावी, डिस्क खरेदीपासून नव्हे.

किल्ली कागदावर हवी. प्रत्येक डिस्कची किल्ली वेगळी असते, म्हणून तीन डिस्क असतील तर तीन कागद लागतात, आणि डिस्क फॉरमॅट करून पुन्हा कुलूप लावले की जुना कागद निरुपयोगी होतो, हे ध्यानात ठेवावे. अंक हाताने उतरवू नयेत; सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि त्यांत एक आकडा चुकला तरी कुलूप उघडत नाही. छपाई लेझर प्रिंटरवर करावी, कारण इंकजेटची शाई ओल लागताच फुटते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कागदालाही ओल लागते. किल्लीसोबत छापलेल्या ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरे डिस्कवरच्या चिकटपट्टीवर लिहावीत, म्हणजे कोणता कागद कोणत्या डिस्कचा हे कळते. एक संच जमिनीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवावा आणि दुसरा गावाबाहेर, पण जिथे डिस्क जाते त्या घरी नव्हे. आमचा रत्नागिरीला नणंदेकडे असतो. किल्ली ऑनलाइन खात्यावर ठेवली असेल, तर त्या खात्याचा पासवर्डही कागदावर हवाच. घरातून कधीच बाहेर न जाणाऱ्या डिस्कला कुलूप लावूच नये, असे माझे आताचे मत आहे. प्रवास करणाऱ्या डिस्कला मात्र लावावे.

एवढे झाल्यावर फेरी ठरवावी. आमच्याकडे चार डिस्क आहेत. अ आणि ब घरात आलटूनपालटून वापरतो, या रविवारी अ तर पुढच्या रविवारी ब. क आणि ड यांतली एक नेहमी डोंबिवलीला असते आणि दुसरीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत घेतली जाते. ही अदलाबदल चाकरमान्यांच्या येण्याजाण्यावर बसवली आहे: मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि शिमगा. वर्षातून या तीन वेळा कोणीतरी येतेच आणि परत जातेच, त्यामुळे कुरिअरवर अवलंबून राहावे लागत नाही. बाहेरची डिस्क जिल्ह्याबाहेरच असावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडपासून श्रीवर्धनपर्यंत एकाच दिवशी घरांचे पत्रे उडाले, आणि अशा वेळी शेजारच्या तालुक्यातल्या भावाकडे ठेवलेली प्रत आपल्या प्रतीइतकीच धोक्यात असते.

दोनच डिस्क आलटूनपालटून वापरल्या तर काय बिघडते, असे विचारले जाते. एखादी फाइल आज खराब झाली आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर पुढच्या दोन रविवारी दोन्ही डिस्कांवरच्या चांगल्या प्रतींवर ती खराब फाइल बसते. महिन्याची प्रत त्यासाठीच असते, आणि ती जुन्या प्रतीवर न घेता तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये घ्यावी. प्रती घ्यायला रोबोकॉपी ही विंडोजमधली आज्ञा वापरणाऱ्यांनी तिच्या मिरर पर्यायापासून सावध राहावे, कारण मूळ फोल्डर चुकून रिकामे झाले तर तो प्रतीचे फोल्डरही रिकामे करतो.

काय घ्यायचे, याचा विचार पुन्हा मिळेल की नाही या एकाच कसोटीवर करावा. सातबारा आणि फेरफार पुन्हा काढता येतात. वाटपाच्या वेळचे हाताने लिहिलेले कागद, कलमांचे जुने हिशेब, माणसांचे आवाज आणि छायाचित्रे परत मिळत नाहीत. विंडोजची फाइल हिस्ट्री ही आपोआप प्रती घेणारी सोय डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशी ठरावीक फोल्डरेच घेते, त्यामुळे हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा दुसरीकडे असेल तर तो स्वतः जोडावा लागतो. युनिकोडच्या आधी शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेले मराठी मजकूर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या फाँटच्या फाइलीही सोबत घ्याव्यात, नाहीतर मजकूर उघडेल पण रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसेल. फोनमधली छायाचित्रे आधी संगणकावर उतरवावीत.

आता पुन्हा किल्ली. स्वतःच्या संगणकावर डिस्क उघडली म्हणजे ती उघडते असे समजू नये. तो संगणक तिला ओळखतो म्हणून ती उघडते, आणि संगणक गेला की ओळखणारा कोणी उरत नाही. मी तीन वर्षे दर रविवारी डिस्क जोडून फाइली पाहत होते आणि सगळे ठीक आहे असे मानत होते. म्हणून दर तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्याच्या संगणकावर जोडावी, पासवर्ड पाठ असला तरी टाकू नये, कागदावरची किल्ली टाकावी आणि निदान तीन फाइली उघडून पाहाव्यात: एक छायाचित्र, एक हिशेब, एक ध्वनिमुद्रण. यावर पाहुणे आले, वीज नव्हती, नंतर पाहू, अशी कारणे मी ऐकून घेत नाही. अर्ध्या तासाचे काम आहे.

उरलेले थोडक्यात. प्रत झाली की डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर फाइली बांधून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरही चालतो आणि वळवाच्या विजेचा झटकाही तिला बसू शकतो. विजेचा खेळ चालू असताना प्रत घेऊ नये, घ्यावीच लागली तर चार्ज असलेल्या लॅपटॉपवरून घ्यावी. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि डबा तळमजल्यावर ठेवू नये. पेन ड्राइव्हवर विसंबू नये. कॅलेंडरवर त्या त्या रविवारी अ, ब असे लिहून ठेवावे आणि घरातल्या आणखी एका माणसाला सगळे दाखवून ठेवावे. हे सारे मे संपायच्या आत व्हावे. परत निघणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत डिस्क घालण्याआधी ती शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर, कागदावरची किल्ली टाकून, एकदा उघडून पाहावी.