सोलरचा कनेक्टर उघडण्याआधी क्लॅम्प मीटर लावा

गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारा प्लग) करंट चालू असताना ओढला, तर डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची) ठिणगी विझत नाही, ताणली जाते आणि हात भाजते. दहा पॅनेलच्या एका स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या रांगेत) ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो.

म्हणून आधी करंट खरंच शून्य आहे का ते पाहा:

१. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) डीसी अँपिअर मोजणाराच हवा. घरगुती वायरिंगवाल्यांकडचा साधा क्लॅम्प बहुतेकदा फक्त एसी मोजतो आणि डीसीच्या भरल्या तारेवरही शून्य दाखवतो. सगळा घात इथेच होतो.
२. मीटर 'झिरो' करून, सिस्टीम चालू असतानाच एका तारेभोवती लावा. कडक उन्हात काही अँपिअर दिसले पाहिजेत. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर आकडा शून्यच येईल.
३. आधी इन्व्हर्टरचा (पॅनेलच्या डीसीचा एसी करणाऱ्या यंत्राचा) एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद.
४. त्याच तारेवर पुन्हा मोजा, प्लस आणि मायनस वेगवेगळे. दोन्हीकडे शून्य आलं तरच कनेक्टर उघडा, तोही त्याच्या पान्याने.

आयसोलेटर बंद करूनही करंट दिसत असेल तर कुठेतरी तार अर्थ झालेली (जमिनीशी जोडली गेलेली) असू शकते. तेव्हा कनेक्टरला हात लावू नका, अंधार पडल्यावर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

आणि करंट शून्य असला तरी ऊन असेपर्यंत तारांच्या टोकांवर व्होल्टेज जिवंतच असतं. इन्सुलेटेड हातमोजे काढायचे नाहीत.