पडक्या वाड्याचा राडारोडा, १:३५ मापात

डायोरामातला, म्हणजे छोट्या मापात मांडलेल्या देखाव्यातला, ढिगारा खोटा दिसतो तो बहुतेकदा क्रम चुकल्याने. विटा, फळ्या, कौलं एका डबीत कालवून वरून ओतली की झालं, असा समज आहे. माझी सगळी नोकरी जुन्या इमारती उतरवण्याच्या साइटवर झाली. असं कालवलेलं तिथे काही पडत नाही. गोंद हातात घेण्याआधी दोन गोष्टी ठरवा: आधी काय पडलं, आणि पडल्यानंतर पावसाळा होऊन गेला का.

पुण्याकडचा वाडा घेऊ. लाकडी सांगाडा, मधे विटांचं भरकाम, वर मंगळुरी कौलं. माडीची जमीन म्हणजे तुळया, त्यांवर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. ही माती हमखास विसरली जाते. मजला खचला की तीच सगळ्या फटींत जाऊन बसते.

९ × ४.५ × ३ इंचांची वीट १:३५ मध्ये साधारण ६.५ × ३.३ × २.२ मिमी होते. पीओपीत गेरू मिसळा, काचेवर दोन मिमीचा थर ओता. बोटाचा ठसा उमटतो पण माल बोटाला चिकटत नाही, अशा वेळी कटरने रेघा मारा. वाळल्यावर हाताने मोडा. काही तुकडे तीन-चार विटांचे अखंड ठेवा आणि रेघांत पांढरट लांबी (पुट्टी) भरा, कारण भिंत सुटी वीट-वीट होऊन पडत नाही, जोडलेल्या विटांचे लगदेही पडतात.

कौलांसाठी एमसील. टाल्कम पावडर भुरभुरून अर्धा मिमी लाटा, रिकाम्या बॉलपेनने खाचा पाडा, १२ × ६.५ मिमीचे तुकडे करा. कडक झाल्यावर पकडीने फोडा. पत्र्याची कौलं करू नका. पत्रा वाकतो, कौल फुटतं.

वासे आणि रिपांना काड्यापेटीच्या काड्या चालतात. तुळयांना सुताराकडची सागाची चिपाटं घ्या, सहा मिमी जाडीची. टोकं कापू नका, मोडा.

आता रचना. खाली थर्माकोलचा उतार, पस्तीसेक अंशांचा. त्यावर माती, विटा, आडवीतिडवी लाकडं, सगळ्यांत वर कौलं. मोठे लगदे घरंगळून पायथ्याशी जातात, ते तिथेच ठेवा. मग चहाच्या गाळणीने वाळलेली माती चाळा. भांड्यांच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी आधी फवारा, नाहीतर गोंदाचा थेंब धुळीवर गोळा होऊन बसतो. नंतर एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, ड्रॉपरने सोडा.

रंग पावसावर ठरतो. ताजा ढिगारा चुना-मातीच्या धुळीने जवळजवळ एकरंगी असतो: फिकट मातकट रंगाचा कोरडा ब्रश सगळीकडे फिरवा. पाऊस झालेल्या ढिगाऱ्यात वरच्या बाजू धुतलेल्या, विटा गडद, गाळ पायथ्याशी, सावलीकडे शेवाळ. उरलेल्या भिंतीच्या सांध्यात पिंपळाचं रोप लावा. शिवाय इतक्या दिवसांनी अख्खी तुळई दिसता कामा नये. कंत्राटदार सागाला पहिला हात घालतो.

आणि ढिगाऱ्यावर ती एकटी बाहुली नको, फार झाल्या. जातं ठेवा, जड असतं, ते कोणी उचलून नेत नाही. एमसीलची सव्वा सेंटिमीटरची चकती, मधोमध भोक, अर्धी मातीत.