गुण कमी पडले? शिकवणी लावण्याआधी चूक वाचा

पाचवीतल्या मुलाला गणिताच्या घटक चाचणीत 20 पैकी 6 गुण पडले की घरात शिकवणीची चौकशी सुरू होते. जरा थांबा. शिकवणीत बहुधा शाळेतलाच धडा शाळेच्याच वेगाने पुन्हा होतो, आणि मूल अडलेलं असतं दोन इयत्ता मागे. आधी नेमकं कुठे अडलंय ते बघायचं, मग कारण घरात आहे की शाळेत ते शोधायचं. आठवडा पुरतो.

दुसरीच्या पुस्तकातला आठ-दहा ओळींचा उतारा मोठ्याने वाचायला द्या. जोडाक्षरापाशी अडखळत असेल तर 'कर्म' आणि 'क्रम' शेजारी शेजारी लिहून वाचून घ्या. दोन्ही एकसारखेच वाचले तर रफार-रकार कच्चे आहेत. मग 52 वजा 27 घाला. उत्तर 35 आलं तर त्याला धांदरटपणा म्हणू नका. मूल मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय: 7 मधून 2, 5 मधून 2. दशक सुटा करावा लागतो हे त्याला कळलेलंच नाही. 618 भागिले 6 चं उत्तर 13 आलं तर मधलं शून्य गळलंय. अशा मुलाकडून रोज वीस गणितं सोडवून घेतली की तीच चूक वीस वेळा घोटली जाते. त्यापेक्षा काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून द्या. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्यांतून सात काड्या मागा. एका गठ्ठ्याचं रबर काढावंच लागतं, आणि हातचा तिथे समजतो.

आता वही. पुस्तकातून उतरवलेलं बरोबर, पण फळ्यावरून उतरवलेलं चुकीचं असेल तर डोळे तपासून घ्या. उतरवलेलं सगळं बरोबर आणि श्रुतलेखनात मात्र गोंधळ, तर कान तपासा. कान वाहत असेल तर आधी तेच. मुलांची आरोग्य तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं सरकारी पथक शाळेत येतं, तेव्हा मुलाची तक्रार नेमकी काय आहे ते वर्गशिक्षकांकडे आधीच लिहून देऊन ठेवा. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोरमाटी बोलत असाल तर तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारा. बोलीत उत्तर आलं तर विषय समजलाय, अडलीय ती पुस्तकी मराठी.

हजेरीपटातली टक्केवारी फसवी असते. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस शाळा, म्हणजे 90 टक्के हजेरीतही 20 दिवस गेले. ते सुटे सुटे गेले तर निभतं. कापूस वेचणीत किंवा गावच्या जत्रेला सलग गेले आणि तेव्हाच भागाकार शिकवून झाला, तर पुढचं वर्षभर जड जातं. म्हणून तारखा बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी मुलाला बरोबर नेण्याआधी गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का, हे दिवाळीपूर्वीच विचारावं.

घरच्या बाबतीत दोनच गोष्टी मोजा. पहिली झोप: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास लागतात. अकराला झोपून सहाला उठणाऱ्याला सातच मिळतात. दुसरी, टीव्ही बंद ठेवून रोज अर्धा तास कोणीतरी शेजारी बसणं. बसणाऱ्याला लिहिता-वाचता आलं पाहिजे असं नाही. "आज काय वाचलंस ते सांग" एवढं विचारता आलं तरी चालतं. आईने रात्री जागून केलेला प्रकल्प मात्र काहीच शिकवत नाही (हे शिक्षकांनाही ठाऊक असतं).

मग 35 उत्तराचा तो कागद घेऊन शाळेत जा. "अभ्यास कसा आहे?" असं विचारलंत तर "ठीक आहे, घरी लक्ष द्या" एवढंच ऐकून परत याल. विचारा: "बाई, वर्गात असं किती मुलांचं चुकतंय?" तुमच्या एकट्याचं चुकत असेल तर कारण बहुतेक हजेरी, डोळे, कान किंवा घर. निम्म्या वर्गाचं चुकत असेल तर प्रश्न शिकवण्याचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकांचं कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथे हा विषय घ्या.

मागणी काय करायची, हेही ठरवून जा. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अर्थशास्त्रज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवलं, तेव्हा त्यांचे गुण वाढले. ती मुलं बाहेर गेल्याने वर्गात गर्दी कमी झाली, पण तिथे उरलेल्यांना त्याचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. तेव्हा नुसती "पट कमी करा" अशी मागणी करून भागणार नाही. दोनशिक्षकी शाळेतही रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट पाडता येतात: शब्द वाचणारे एका खोलीत, परिच्छेद वाचणारे दुसरीत.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, पण आकडे बदलून. 52 वजा 27 चं उत्तर तोवर पाठ झालेलं असेल. 63 वजा 38 घाला. 35 आलं तर गठ्ठ्यांकडे परत.