भाषा कशी सुरू झाली असेल, कुळागरात बसून कसं बघायचं

शब्द काही खणून सापडत नाहीत, हीच या विषयाची मोठी अडचण. 1866 साली पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने तर नियमच केला होता की भाषेच्या उगमावर निबंध घेणारच नाही. इस्रायलच्या केबारा गुहेत निअँडरथल माणसाचं जिभेखालचं हाड मिळालं, सुमारे 60 हजार वर्षांपूर्वीचं, जवळजवळ आपल्यासारखंच, पण त्यावरून तो काय बोलायचा ते थोडंच कळतं? म्हणून आपले लांबचे नातेवाईक, म्हणजे माकडं बघायची. त्यासाठी आफ्रिकेत जायला नको, गोव्यात सत्तरी, सांगे नाहीतर फोंड्याकडे कुणाचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, ओळखीत असलं तरी पुष्कळ.

सकाळी लवकर जा, कोवळ्या नारळांवर आणि केळींवर धाड पडते तेव्हा, आणि त्या दिवशी फटाके लावू नका म्हणून मालकाला आधीच सांगा, नाहीतर दिवस फुकट. तांबूस तोंडाची माकडं (यांनाच टोपी माकडं म्हणतात) कुठली आणि काळ्या तोंडाचे वानर कुठले ते आधी ओळखून घ्या. एका जागी बसायचं, खायला काही द्यायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, माकडाला ती धमकी वाटते.

आता मेन गोष्ट. कोणी ओरडलं की आपण लगेच ओरडणाऱ्याकडे बघतो, तसं करू नका, ऐकणाऱ्यांकडे बघा. केनियात अंबोसेलीला व्हर्व्हेट माकडांवर झालेला अभ्यास 1980 मध्ये छापून आला, त्यात बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळ्या हाका निघाल्या, आणि बिबट्या वगैरे काही नसताना नुसतं रेकॉर्डिंग लावलं तरी बिबट्याच्या हाकेला माकडं झाडावर, गरुडाच्या हाकेला नजर आभाळाकडे, सापाच्या हाकेला मागच्या पायांवर उभं राहून गवतात शोधाशोध. पिल्लं मात्र साध्या निरुपद्रवी पक्ष्यालाही गरुडाची हाक देतात, वयाबरोबर सुधारतात. आपल्या दक्षिण भारतातल्या टोपी माकडांना निलगिरी वानरांची आणि सांबराची इशाऱ्याची हाक ऐकवली, तर ती पण सावध झाली. म्हणजे जी हाक स्वतः कधी देत नाहीत तिचा अर्थ कळतो! माझं मत विचाराल तर भाषेची सुरुवात तोंडात नाही, कानात झाली असणार.

कुळागरात हेच बघायचं. वरच्या फांदीवरून वानराने खॅक केलं की खाली नारळ कुरतडणारं माकड थांबतं का, नारळ टाकतं का, कुठे बघतं. वहीत वेळ, आवाज, कोणी काढला, बाकीच्यांनी काय केलं एवढंच लिहा. ‘घाबरला’, ‘रागावला’ असलं लिहू नका, तो आपला अंदाज झाला.

हातांकडेही लक्ष ठेवा. बंदीपूरची टोपी माकडं माणसाकडे खाऊ मागताना हात पुढे करून खास आवाज काढतात असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालंय. वॉशो नावाच्या चिंपांझीला तर खुणांची भाषा शिकवली होती. म्हणून काही जण म्हणतात आधी हातवारे, मग आवाज. पटण्यासारखं आहे, पण अंधारात आणि कडेवर पोर असताना हातवारे कसले करणार?

उवा काढत बसलेली जोडी दिसली तर तीही लिहा, रॉबिन डनबर नावाचे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात टोळी मोठी झाली तसा एकेकाला कुरवाळायला वेळ पुरेना, म्हणून गप्पा आल्या. तिंट्यावरच्या (तिठ्यावरच्या) गजाली, म्हणजे गप्पा, आठवा.

माकडाचा घसाच बोलण्याजोगा नाही म्हणून ते बोलत नाही, हे कारण मात्र सोडून द्या. 2016 मध्ये मॅकाक (टोपी माकडाच्याच जातकुळीतल्या) माकडाच्या घशाचे एक्स-रे व्हिडिओ तपासले तेव्हा कळलं की घसा बोलण्यापुरता ठीक आहे, कमी पडतो तो त्याला चालवणारा मेंदू. आणि ‘काल इथे बिबट्या आला होता’ हे माकडाला सांगता येत नाही, हा फरक खरा मोठा.

फोनवर रेकॉर्डिंग करा, पण ते त्यांना परत ऐकवू नका, अभयारण्यात तर नाहीच. व्हर्व्हेटना एकाच माकडाची खोटी हाक सारखी ऐकवली तेव्हा बाकीच्यांनी त्या माकडाचं ऐकणंच सोडून दिलं होतं.