इंग्रजी मेलमध्ये जर्मन आडनाव लिहिताना
ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून जर्मन क्लायंटला मेल करताना ‘म्युलर’मधल्या यूवरचे दोन ठिपके सर्रास गाळले जातात. तसं करू नका, नुसत्या यूने आडनावच बदलतं. विंडोजवर आल्ट दाबून धरा आणि नंबरपॅडवर 0252 टाइप करा. नंबरपॅड नसेल तर यूपुढे ई जोडा. जर्मन पासपोर्टच्या तळाशी, मशीन वाचतं त्या ओळींतही तसंच छापलेलं असतं.

आडनावाआधी ‘फॉन’ (von) असेल तर मिस्टरनंतर तो ठेवायचाच, व्ही लहान लिपीतला. इतिहासातल्या माणसांचा मात्र बहुधा गळतो: वेर्नर फॉन सीमेन्स, पण पुढे नुसतं सीमेन्स.

अख्ख्या कुटुंबाला उद्देशून लिहिताना श्मिटला एस, शुल्त्सला ई-एस. अपॉस्ट्रॉफी अजिबात नको.